स्कॅन केलेली मराठी पुस्तकं वाचायला कोणता टॅब घ्यावा?

टॅब घ्यायला गेलं की दुकानदार कॅमेरा, स्टोरेज आणि प्रोसेसर सांगत सुटतो. वाचनासाठी घेत असाल तर हे सगळं मागाहून बघा. आधी पडदा बघा, आणि त्याच्याही आधी त्यावर काय वाचणार ते ठरवा.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. रात्री मात्र वाचायची असतात ती जुनी पुस्तकं: इंटरनेट आर्काइव्हवरची स्कॅन आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरच्या मोफत पीडीएफ. स्कॅनमधलं पान म्हणजे निव्वळ फोटो. त्यात फॉन्ट वाढवायची सोय नाही; पान मूळ आकारात मावलं तरच सुखानं वाचता येतं.

डेमी आकाराचं पुस्तक साधारण साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच असतं. अॅमेझॉनच्या ७ इंची किंडल पेपरव्हाइट या ई-बुक वाचकावर (रीडरवर) ते जेमतेम दोन तृतीयांश होतं. शिरोरेघेवरचा रफार आणि अनुस्वार, खालचा उकार, हे सगळं तेवढ्याच जागेत दाटतं. त्यात शिशाच्या खिळ्यांच्या (टाइपांच्या) जुन्या छपाईची पसरलेली शाई. मग ‘द्ध’ की ‘द्व’ हे अक्षर बघून नाही, संदर्भावरून ओळखावं लागतं. असं वाचणं मला वाचणं वाटत नाही.

म्हणून मी १०.९ इंची आयपॅड घेतला, दहाव्या पिढीचा. डेमीचं पान त्यावर अख्खं बसतं, कडेला थोडी जागाही उरते. इंचाला २६४ पिक्सेल आहेत, त्यामुळे अनुस्वाराचा ठिपका ठिपकाच राहतो, डाग होत नाही. सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब ए ९ प्लससुद्धा ११ इंची आहे आणि बराच स्वस्त. पण त्याचं रिझोल्यूशन १९२० बाय १२०० आहे, म्हणजे इंचाला जवळपास २०६ पिक्सेल. ठळक टाइपाच्या पुस्तकांना तेवढे पुरतात. तळटीपा आणि कोशांची पानं वाचणाऱ्यांनी मात्र २६४चाच आग्रह धरावा.

आयपॅडच्या या पडद्याची एक उणीव घेण्याआधी माहीत हवी. वरची काच आणि पडदा एकत्र चिकटवलेले नाहीत, मध्ये हवेची पोकळी आहे. त्यामुळे अक्षर काचेच्या किंचित खाली दिसतं. परावर्तन कमी करणारा थरही नाही. खिडकीकडे पाठ करून बसलं तर खिडकीच वाचावी लागते. आयपॅड एअरमध्ये या दोन्ही गोष्टी सुधारलेल्या आहेत. पिक्सेलची घनता तीच. खर्च झेपत असेल तर एअरच घ्या.

चमक घालवायला मॅट फिल्म लावायचा सल्ला हमखास मिळतो. मी तो कुणालाही देणार नाही. फिल्मच्या खरखरीत पृष्ठभागामुळे पांढऱ्या पानावर बारीक रवा दिसतो आणि अक्षराची कड मऊ पडते. ज्या स्पष्टतेसाठी पैसे मोजले, तीच जाते.

रात्रीच्या वाचनासाठी ब्राइटनेस अगदी कमी केला तरी अंधारात पान डोळ्यांवर येतं. आयपॅडच्या सेटिंग्जमध्ये, अॅक्सेसिबिलिटीत ‘रिड्यूस व्हाइट पॉइंट’ आहे, पांढऱ्याची तीव्रता कमी करणारं; ते चालू करा. फार कमी लोकांना ठाऊक असतं आणि डोळ्यांना खरोखर आराम पडतो. १२० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणाऱ्या पडद्याच्या, जाहिरातीसाठी मात्र वाचकानं जादा पैसे देऊ नयेत. स्थिर पानाला त्याचा काही उपयोग नाही.

याचा अर्थ किंडल नको असा अजिबात नाही. नवी कादंबरी ई-बुक म्हणून मिळत असेल, तर पेपरव्हाइटसारखं सुख नाही. इंचाला ३०० पिक्सेल, भर उन्हातही स्वच्छ दिसणारा, कागदासारखा ई-इंक पडदा, अक्षर हवं तेवढं मोठं. शिवाय वजन २११ ग्रॅम. आयपॅड ४७७ ग्रॅमचा आहे; झोपून वाचताना तासाभरात मनगट बोलायला लागतं, तेव्हा उभा राहणारा कव्हर-स्टँड सोबतच घ्या.

दुकानात जाताना तुमच्याजवळच्या सगळ्यात वाईट स्कॅनची पीडीएफ पेन ड्राइव्हवर किंवा मेलवर घेऊन जा. डेमो व्हिडिओ बंद करायला सांगा, ती फाइल उघडा आणि पान न वाढवता तळटीप वाचून बघा. जोडाक्षरं अडखळत वाचावी लागली, तर पुढचा टॅब दाखवायला सांगा.