तुटलेलं पातं फेकू नका: घडीच्या चाकूतली फसवणूक

घडीच्या चाकूचं पातं तुटलं की विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं असतं: "साहेब, तुम्ही त्यानं काहीतरी उचकटलं असणार." गिऱ्हाईक गप्प बसतं, कारण कधीतरी डब्याचं झाकण उघडलेलं असतंच. परतावा नाही, बदलून मिळणं नाही. खरं तर दोष कुणाचा हे तुटलेल्या जागीच दिसतं, आणि नेमका तोच तुकडा लोक आधी कचऱ्यात टाकतात.

तुटलं कुठे ते पाहा. टोकाचे २-३ मिलिमीटर उडाले असतील तर बहुतेक वेळा चूक वापरणाऱ्याची. पात्याचा तो सगळ्यात पातळ भाग, स्क्रू फिरवायला तो नाही. पण पातं मुळाशी, ज्या पिनेवर ते फिरतं तिच्याजवळ कटकन तुटलं तर संशय मालावर घ्या. उघडलेलं पातं धरून ठेवणारं लॉक बसायला तिथे खाच असते. चांगला कारखाना तिचा आतला कोपरा गोलसर ठेवतो, स्वस्त मालात तो काटकोनात कापलेला असतो. सगळा ताण त्या कोपऱ्यात एकवटतो आणि भेग तिथूनच सुरू होते.

मग तुटलेली कड भिंगाखाली, तिरप्या उजेडात बघा. बारीक, करडी, मखमली दिसली तर पोलाद ठीक आहे. साखरेसारखे चमकणारे जाड दाणे दिसले तर पाणी देताना, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक करताना, पातं जास्त तापवलंय. कडेचा एक भाग काळपट आणि बाकीचा उजळ असेल तर तिथे भेग आधीपासून होती. जुन्या चाकूत हा रंग गंजानेही येतो, पण नवाकोरा चाकू आठवड्यात तुटला असेल तर भेग कारखान्यातूनच आली म्हणायची. हलक्या कामात, जराही न वाकता पातं तुटलं तर बहुधा टेम्परिंगला फाटा दिलेला असतो. म्हणजे पाणी दिल्यावर साधारण १५० ते २०० अंशांवर पुन्हा तापवून ठिसूळपणा घालवायचा, तेच केलेलं नसतं.

जाहिरातीतले शब्दही तपासा. ‘सर्जिकल स्टील’ हा कुठलाच ग्रेड नाही. नुसतं ‘४४०’ (स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार) लिहिलं असेल तर ए, बी की सी ते विचारा; सीमध्ये साधारण १ टक्का कार्बन असतो, एमध्ये बराच कमी. ‘डमास्कस’ची, म्हणजे थरांच्या पोलादाची नक्षी पात्याच्या पाठीवरूनही वळून गेलेली दिसली पाहिजे, फक्त दोन बाजूंना असेल तर ती लेझरने काढलेली समजा. आणि तीनशे रुपयांत ‘६२ रॉकवेल (कडकपणाचं माप), कधीच न तुटणारं’? कडकपणा वाढला की चिवटपणा घटतो. व्हिक्टोरिनॉक्स ही स्विस चाकूंची कंपनी आपली पाती मुद्दाम ५६ रॉकवेलच्या आसपास ठेवते.

तुटल्यावर दुसरी फसवणूक रस्त्यावर होते. मुळाशी तुटलेलं पातं ‘वेल्डिंग मारून देतो’ म्हणणाऱ्याला देऊ नका. त्या उष्णतेत पात्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतो आणि जोडाशेजारीच पुन्हा तुटतं, तेही बोटं जवळ असताना. नुसतं टोक गेलं असेल तर मात्र चाकू वाचतो. धारेकडून न घासता पाठीकडून २२० नंबरच्या ओल्या दगडावर घासून नवं टोक काढा, म्हणजे मिटल्यावर ते मुठीत बुडालेलं राहतं. ग्राइंडरच वापरायचा तर दर २-३ सेकंदांनी पाण्यात बुडवा. पातं उघड्या बोटांना चटका देऊ लागलं की थांबा.

तक्रार करायची असेल तर दोन तुकडे एकमेकांना जुळवून बघू नका, दाणे घासले जातात. कोरड्या पिशवीत वेगवेगळे ठेवा. कडेचे फोटो आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट आधी घ्या, कारण जाहिरात तक्रारीनंतर बदलते. ऑनलाइन खरेदी असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. तो नाही मिळाला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत २ वर्षांची.