कीपर म्हणून अपील, की ड्रायव्हरचं नाव?

लेस्टरच्या मावसभावाच्या घरी खासगी पार्किंग कंपनीचं पत्र आलं: शंभर पौंड, चौदा दिवसांत भरले तर साठ. सोबत नंबरप्लेटचे दोन काळपट फोटो, एक आत शिरतानाचा, एक बाहेर पडतानाचा. चालवणाऱ्याचा चेहरा कुठेच नाही. तो विचारतो, ‘दादा, ड्रायव्हरचं नाव कळवू का?’

घाई नको. इंग्लंड-वेल्समध्ये मुळात पैसे ड्रायव्हरने द्यायचे. ते कीपरकडून, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे त्याच्याकडून, वसूल करायचे तर २०१२च्या कायद्याच्या अटी पाळाव्या लागतात. काचेवर नोटीस लावली नसेल, तर गाडी लावल्याच्या दुसऱ्या दिवसापासून १४ दिवसांत पत्र पोहोचायला हवं. म्हणून आधी पत्रावरच्या तारखा मोजा. कायदेशीर उपविधी (बायलॉज) लागू असलेल्या विमानतळाच्या जमिनीवर तर हा कायदा चालतच नाही.

पत्र उशिरा आलं असेल तर कीपर म्हणून अपील फार मजबूत. नाव कळवलंत की हा मुद्दाच हातचा जातो. मात्र ‘मी चालवतच नव्हतो’ असं खोटं अजिबात लिहू नका. ‘कीपर या नात्याने’ एवढं पुरे.

अपील फुकट, पण चिकाटी लागते. कंपनीने नाकारलं आणि ती ब्रिटिश पार्किंग असोसिएशनची सदस्य असेल, तर पॉप्ला या स्वतंत्र अपील सेवेकडे २८ दिवसांत जा. तिथे हरलात तर सवलत गेलेली असते.

नाव आणि पूर्ण पत्ता कळवला की तुमची सुटका, पण बिल त्या माणसाच्या दारात जातं. गाडी मित्राने नेली होती, तारखाही बरोबर आहेत आणि तो भरायला तयार आहे, तर हाच मार्ग. तारखा चुकल्या असतील, तर कीपर म्हणूनच लढा.