नोकरीत असताना दृष्टी गेली तर: एनव्हीडीए स्क्रीन रीडरचे परीक्षण

मधुमेह, काचबिंदू किंवा अपघातामुळे ऐन उमेदीत दृष्टी गेली की घरचे लोक राजीनाम्याचा सल्ला देतात. तो ऐकू नका. सरकारी नोकरीत असाल तर दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम २० नुसार सेवाकाळात अपंगत्व आले म्हणून काढून टाकता येत नाही की पद खाली आणता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते. त्या पदावर प्रत्यक्ष काम करायला विंडोजवरचा एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, पुरेसा आहे. तो मोफत आहे, पेन ड्राइव्हवरूनही चालतो आणि इन्स्टॉल होतानाच बोलू लागतो.

खरी अडचण येते कीबोर्डची. माउस विसरायचा असतो. आधी इन्सर्ट आणि १ दाबा. मग कोणतेही बटन दाबले तरी काम काही होत नाही, फक्त त्याचे नाव ऐकू येते. बोटे बसेपर्यंत हेच करा. लॅपटॉपवर इन्सर्ट अवघड जागी असेल तर सेटिंगमध्ये कॅप्स लॉक निवडा. बडबड थांबवायला कंट्रोल. आधी नोटपॅड, मग वर्ड, मग एक्सेल. ब्राउझर शेवटी, कारण नवखा माणूस तिथेच अडतो: फॉर्ममध्ये नाव टाइप करायला जावे तर एच दाबताच कर्सर पुढच्या शीर्षकावर उडी मारतो. इन्सर्ट आणि स्पेस दाबून मोड बदलला की अक्षरे रकान्यात उमटतात.

आवाज मराठी निवडा. ईस्पीक या एनव्हीडीएसोबत येणाऱ्या बोलणाऱ्या प्रोग्रामचा हा आवाज कोरडा, यांत्रिक आहे, पण वेग वाढवल्यावरही शब्द सुटे कळतात आणि मधले इंग्रजी शब्दही तो वाचतो. सुरुवातीला वेग कमी ठेवून थोडा थोडा वाढवा.

मराठी कार्यालयांत सर्वांत जास्त त्रास देतात जुने फॉन्ट. कृतिदेवमधले पत्र डोळ्यांना मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरे असल्यामुळे निरर्थक काहीतरी ऐकू येते. अशी फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे खरी देवनागरी अक्षरे साठवणाऱ्या पद्धतीत, बदलून मागा. तो तुमचा हक्कच समजा. स्कॅन केलेला शासन निर्णय म्हणजे नुसते चित्र, त्यामुळे एनव्हीडीए गप्प राहतो. तो निर्णय गुगल ड्राइव्हवर टाकून गुगल डॉक्समध्ये उघडला की बराचसा मजकूर वाचता येतो. आकडे आणि तारखा मात्र कुणाकडून तरी ताडून घ्या.

वेबसाइटवर ओळखून टाइप करायला लावतात ती चित्रातली अक्षरे, म्हणजे कॅप्चा, एनव्हीडीएला वाचता येत नाहीत. कार्यालयाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये बटनांना नावे दिलेली नसतील तर तो प्रत्येक ठिकाणी फक्त ‘बटन’ म्हणतो. म्हणून नवे पद स्वीकारण्याआधी तिथले सॉफ्टवेअर एनव्हीडीए लावून तपासा आणि अडणाऱ्या खिडक्यांची यादी लेखी द्या. एनव्हीडीएच्या २०२५.१ या आवृत्तीपासून दुसऱ्या गावातला जाणकार त्याच्या एनव्हीडीएवरून तुमचा संगणक हाताळू शकतो. ही तपासणी त्याच्याकडून करून घेता येते.