ओरोग्बो म्हणजेच बिटर कोला: आठ महिने चघळल्यानंतरचा अनुभव

नायजेरियातल्या लेगॉस शहरात ट्रॅफिक तुंबलं की गाड्यांच्या रांगांमधून फेरीवाले धावत येतात. पाण्याच्या पिशव्या, केळ्यांचे वेफर्स, शेंगदाणे आणि त्यातच तपकिरी सालीच्या, बोटाच्या पेराएवढ्या बियांच्या पुड्या. दोन वर्षं मी त्या पुड्या फक्त काचेतून बघितल्या. डिसेंबरात हरमटान सुरू झाला. हा सहाराकडून येणारा कोरडा, धुळकट वारा. त्यात माझा घसा पार बसला. मी प्राथमिक शाळेत शिकवते, दिवसाचे पाच तास बोलावं लागतं. तिसऱ्या दिवशी आमच्या ड्रायव्हरने खिडकीतून एक पुडी घेऊन माझ्या हातात ठेवली. म्हणाला, "मॅडम, चू ॲम स्मॉल स्मॉल." थोडं थोडं चावा.

नखाने साल सोलली. आत पिवळसर पांढरा गर, त्यात लालसर रेघा, आणि कडक म्हणाल तर खोबऱ्याच्या सुक्या वाटीइतका. पहिला चावा इतका कडू की डोळे मिटले. कारल्याचा कडवटपणा नाही, काढ्याचा. जीभ तुरट होते, तोंडाला पाणी सुटतं, आणि दोन मिनिटांनी घशाच्या तळाशी किंचित गोडसर चव रेंगाळते.

योरुबा लोक याला ओरोग्बो म्हणतात. बारशाला बाळाच्या दीर्घायुष्यासाठी जी प्रार्थना करतात, त्यात ही बी लागतेच. ड्रायव्हर इग्बो आहे, त्याच्या भाषेत आकी इलू, म्हणजे कडू बी. हौसा लोक नामिजिन गोरो म्हणतात, नर कोला. नावात कोला असला तरी खरा कोला, म्हणजे इथे चघळतात ती दुसरी बी, वेगळा. तो पाकळ्यांसारखा फुटतो आणि त्यात कॅफीन असतं. बिटर कोलाचं झाड आहे गार्सिनिया कोला, म्हणजे आपल्या कोकमाचं भावंड! माझं माहेर सावंतवाडीकडचं. रातांबे फोडून आमसुलं घालण्यात आमचा सगळा मे महिना जायचा. टाचांच्या भेगांना कोकमाच्या बियांचं तेल लावत मोठी झालेली मी, आणि लेगॉसच्या रस्त्यावर त्याच कुळातली बी चघळतेय, हे कळलं तेव्हा मला भरून आलं.

आता उपयोगाचं. घशासाठी मला गुण आला, हे मी मनापासून सांगते. खोकल्याची ढास दहा-पंधरा मिनिटांत बसते आणि आवाज मोकळा होतो. माझ्या मते यातला मोठा वाटा लाळेचा आहे. कडूतुरट चवीने भरपूर लाळ सुटते आणि कोरडा घसा ओला राहतो, आपण लवंग किंवा ज्येष्ठमध धरतो तसंच. सर्दीचे दिवस मात्र कमी झाले नाहीत. फेब्रुवारीत सर्दी झाली ती नेहमीसारखी आठवडाभर राहिली.

चूकही केली. जानेवारीत एका सकाळी घाईत, रिकाम्या पोटी चार बिया खाल्ल्या. तासाभरात पोटात आग, उमासे, आणि वर्गात उभं राहवेना. तेव्हापासून जेवणानंतर अर्धी, फार तर एक. त्यापुढे जात नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मार्चमध्ये पोटाच्या संसर्गासाठी डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं. मी सहज म्हटलं की रोज ओरोग्बो चघळते. त्यांनी लगेच सांगितलं, गोळ्या संपेपर्यंत बंद. या बियांच्या अर्कामुळे हे अँटिबायोटिक शरीरात नीट भिनत नाही, असं नायजेरियातल्याच औषधशास्त्रज्ञांना प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून कृपा करून, कोणतंही औषध चालू असेल तर या बीचा उल्लेख डॉक्टरांकडे करा. "ते काय, खाण्याचंच आहे," असं म्हणून गप्प बसू नका.

इथे या बीवर लोकांचा विश्वास प्रचंड आहे, आणि मला काळजी वाटते ती तिथेच. 1999 साली सेंट लुईसच्या जागतिक वनस्पतिशास्त्र परिषदेत प्राध्यापक मॉरिस इवू यांनी सांगितलं की या बियांतल्या द्रव्याने प्रयोगशाळेत इबोलाचा विषाणू रोखला. पुढे जुलै 2014 मध्ये इबोला लेगॉसला पोचला तेव्हा लोक बिटर कोलावर तुटून पडले. त्याच दिवसांत कुणी मिठाचं पाणी प्यायचा सल्ला पसरवला, आणि त्यापायी माणसं दगावली. नायजेरियात 20 रुग्ण आणि 8 मृत्यूंनंतर साथ थांबली, ती रुग्णांच्या संपर्कातला एकेक माणूस शोधून वेगळा ठेवल्यामुळे. काचेच्या बशीत विषाणू थांबणं आणि तापाने फणफणलेल्या शरीरात तो थांबणं, यात फार अंतर आहे. आमच्या शाळेतल्या एका मावशींनी मे महिन्यात चार दिवस ताप अंगावर काढला, ओरोग्बो चघळत. मलेरिया निघाला. इथे ताप आला की आधी रक्त तपासायचं, बाकी सगळं नंतर. त्या वाचल्या, पण मुलीच्या आधाराने चालत आल्या तेव्हाचा त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

अभ्यास झालेच नाहीत असं नाही. नायजेरियातल्याच इले-इफे शहराच्या विद्यापीठ रुग्णालयात गुडघ्याच्या संधिवाताच्या 80 रुग्णांवर सहा आठवडे चाचणी झाली, 2008 मध्ये ती छापून आली, आणि वेदना कमी झाल्याचं दिसलं. तिथे मोजून मात्रा दिली होती, रस्त्यावरची पुडी नव्हे. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, म्हणून मी त्यांना दिली नाही. गरोदर बायकांनी आणि मूल हवं असणाऱ्यांनीही लांब राहावं. उंदरांवरच्या प्रयोगांत मादीचं चक्र बिघडलेलं आढळलं आहे.

एक घोटाळा टाळा. बाजारात वजन उतरवण्यासाठी "गार्सिनिया" लिहिलेल्या कॅप्सूल मिळतात. त्या वेगळ्या झाडाच्या फळसालीच्या असतात, गार्सिनिया कॅम्बोजियाच्या, आणि त्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. नाव सारखं दिसलं म्हणून एकीच्या जागी दुसरी घेऊ नका.

घेताना बी हातात वजनदार लागली पाहिजे. हलकी, सुरकुतलेली असेल तर आतून वाळलेली निघते आणि दात दुखवते. माझी एक दाढ भरलेली आहे, म्हणून मी सुरीने पातळ चकत्या करते. पुडीला बुरशीचा वास आला तर सरळ परत द्या. प्लॅस्टिकमध्ये ठेवू नका, घाम धरून दोन दिवसांत काळी पडते. कागदात गुंडाळून टोपलीत ठेवली तर माझ्याकडे तीन आठवडे टिकते. 500 नायरांना (हे इथलं चलन) पाच मिळतात. सिग्नलवर घासाघीस केली तर सहा.

सध्या पाऊस आहे, घसा बरा आहे, म्हणून रोज खात नाही. पालक सभेच्या दिवशी मात्र पर्समध्ये दोन चकत्या असतात.