शेवंती, हिरवी जाळी आणि नागपूरचा उन्हाळा : वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

बहर ओसरलेली शेवंती टाकून न देता पुढच्या हिवाळ्यात पुन्हा फुलवायची, या हेतूने गच्चीवर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधली होती. थंड प्रदेशांत शेवंतीला हिवाळ्यापासून जपावे लागते. नागपुरात पारा आठ-दहा अंशांवर उतरला तरी ती खुशाल राहते, आणि तिची खरी कसोटी लागते ती पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या मे महिन्यात.

फुले सुकताच दांडे मातीपासून चार बोटांवर छाटले. त्यानंतर बुंध्याभोवती मातीतून ज्या काश्या, म्हणजे नवे फुटवे, येतात, त्याच पुढच्या वर्षीची झाडे असल्यामुळे जुना बुंधा वाळला तरी त्याची चिंता करू नये.

जाळी ऊन अडवते, गरम झळा अडवत नाही, हे विकत घेणाऱ्याने आधीच जाणून घ्यावे. नवतपात, म्हणजे मेअखेरीस सुरू होणाऱ्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, जाळीखालच्याच, पण पश्चिमेकडच्या कुंड्यांतील पानांच्या कडा करपल्या. पूर्वेच्या भिंतीलगत एकमेकींना खेटून ठेवलेल्या आणि मातीवर पालापाचोळा अंथरलेल्या कुंड्या मात्र दोन वेळच्या पाण्यावर हिरव्या राहिल्या. पावसाळा लागताच जाळी काढावीच, कारण ढगाळ हवेत तिच्या सावलीने रोपे लांबुडकी होतात आणि ओलसर पानांवर काळे ठिपके पडतात. त्याच सुमारास काश्या वेगळ्या करून शेणखत मिसळलेल्या, निचरा होणाऱ्या मातीत लावल्या आणि ऑगस्टअखेरपर्यंत शेंडे खुडत राहिलो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अंधाराची आहे. रात्री मोठ्या होऊ लागल्या की शेवंती कळ्या धरते, आणि रात्रभर उजेड पडत राहिला तर ती पानेच वाढवते. रस्त्यावरच्या दिव्याचा झोत येणाऱ्या कठड्याजवळच्या कुंड्या ऑक्टोबर संपत आला तरी नुसत्या हिरव्यागार होत्या, तर पाण्याच्या टाकीआड ठेवलेल्या त्याच जातीच्या कुंड्यांत प्रत्येक फांदीच्या टोकाला वाटाण्याएवढ्या कळ्यांचे झुपके आले होते. कठड्यावरच्या कुंड्याही टाकीआड हलवल्यावर त्यांनी कळ्या धरल्या, फक्त उशिरा.

दुसऱ्या वर्षीचे झाड विकत आणलेल्या झाडापेक्षा उंच होते, कारण रोपवाटिकांमध्ये अनेकदा वाढ रोखणारे औषध देऊन रोप बुटके ठेवलेले असते. म्हणून कळ्या दिसताच बारीक काड्यांचा आधार द्यावा.