सणासाठी बाहुलीचे कपडे विणावेत की अख्खं खेळणं?

गणपती आटोपले की लोकरीच्या दुकानात एक ठरावीक गिऱ्हाईक दिसायला लागतं. हातात मोबाइल, मोबाइलवर लालचुटुक सांताचं चित्र आणि प्रश्न, "हे करायला किती गुंडे लागतील?" मी शेजारी उभी असले तर मला गप्प राहवत नाही. मी विचारते, घरात मुलीची बाहुली आहे ना? मग सांता राहू द्या. तिलाच क्रोशाने लाल झगा आणि गोंड्याची टोपी करा.

याचं कारण सरळ आहे. विणलेला सांता जानेवारीत माळ्यावर जातो आणि अकरा महिने तिथेच असतो. बाहुलीचा लाल झगा काढला की तीच बाहुली संक्रांतीला काळ्या झग्यात बसते आणि दिवाळीला परकर-पोलक्यात. सण अंगावरून उतरवता येतो, भरलेल्या पोटातून काढता येत नाही. तरीही खेळण्याची बाजू अगदीच पडकी नाही, म्हणून दोन्ही नीट मांडते.

आधी कपडे. बार्बीच्या मापाची बाहुली साधारण २९ सेंटीमीटर उंच असते आणि तिची कंबर जेमतेम नऊ सेंटीमीटरच्या आसपास. एवढ्याशा घेरात चार टाके इकडचे तिकडे झाले की झगा एकतर चढत नाही, नाहीतर लोंबतो. त्यातून २०१६ पासून बार्बी उंच, ठेंगणी आणि भरल्या अंगाची अशा वेगवेगळ्या बांध्यांतही येते. त्यामुळे "बार्बीसाठी" म्हणून मिळालेला नमुना तुमच्या बार्बीला बसेलच असं नाही. टेप घेऊन छाती, कंबर आणि नितंब मोजायचे आणि मगच पहिली साखळी घालायची. माप अंदाजाने घेणाऱ्या बायकांनी (मी त्यातलीच) पहिला झगा उसवायची तयारी ठेवावी. तो झटक्यात उसवतो आणि तीन-चार तासांत पुन्हा होतो, हीच कपड्यांची मोठी सोय.

झगा गळ्यापासून खाली विणायचा आणि पाठ उघडी ठेवायची. पाठीला टिचबटण लावा. वेल्क्रो लावू नका, तो दोऱ्याला धरतो आणि चार वेळा काढ-घाल केली की झग्याला लव सुटते. बाहुलीची पसरलेली बोटं बाहीत अडकतात, म्हणून हातावर प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा गुंडाळून बाही सरकवायची. ही युक्ती मुलीलाही शिकवून ठेवा, नाहीतर दर दहा मिनिटांनी "आई, हात जात नाहीये" ऐकावं लागेल.

दोरा सुती घ्या. २० नंबरचा दोरा आणि सव्वा ते दीड मिलिमीटरची स्टीलची सुई घेतली की कापड बाहुलीच्या मापात शोभतं. चार पदरी लोकरीचा झगा बाहुलीला रजई गुंडाळल्यासारखा दिसतो. बारीक दोऱ्याने डोळ्यांना त्रास होत असेल, तर तीन पदरी सुती दोरा आणि दोनची सुई हा मधला मार्ग चालतो. मला एका झग्याला तीन-चार तास लागतात आणि दोरा वीस ग्रॅमच्या आतबाहेर.

नऊवारी मात्र क्रोशाने करू नका. विणलेलं कापड जाड, निऱ्या पडत नाहीत आणि काष्ट्याचा गोळा होतो. जुन्या साडीच्या काठाची नऊवारी शिवा आणि क्रोशाने फक्त पोलकं आणि शेला करा.

संक्रांतीचा झगा हा माझा सगळ्यात आवडता आणि सगळ्यात त्रासदायक प्रकार. काळ्या दोऱ्यात रात्री टाके दिसतच नाहीत, तेव्हा ते काम दिवसाउजेडी खिडकीशी बसून करायचं. खरा हलवा चिकटवला तर मुंग्या येणार, म्हणून बहुतेक जणी पांढरे मोती ओवतात. दिसतातही छान. पण बोरन्हाणाचं बाळ म्हणजे अनेकदा एक-दोन वर्षांचं, आणि त्याच्या हातातली प्रत्येक गोष्ट तोंडात जाते. तिथे मोती नकोतच. पांढऱ्या दोऱ्याने गाठीचा टाका घाला. तीन पदर घेतले तर गाठ चांगली टपोरी, थोडी काटेरी येते, आणि हलव्याला तर काटा असतोच. मला तर ती मोत्यांहून खरी वाटते.

घरातल्या बाळकृष्णासाठी गोकुळाष्टमीला विणायचं असेल, तर हिशोब पुन्हा वेगळा. बाजारातले गोल घेराचे तयार पोशाख बसलेल्या लड्डू गोपाळाच्या मापाचे असतात. आपल्याकडे लेकीला लग्नात देतात तो बहुधा रांगता, एक हात वर उचललेला. त्याला तो घेर बसत नाही. पाठीवरून पसरणारा अर्धगोल विणून गळ्याशी साखळीच्या बंदाने बांधायचा. अर्ध्या तासाचं काम, आणि नवशिकीने सुरुवात याच्यापासूनच करावी.

आता खेळणी. भरीव क्रोशाच्या खेळण्यांना जगभर अमिगुरुमी हा जपानी शब्द रुळला आहे. इथे मापाची कटकट नाही, पण मोजणी आहे. सहा मुक्या खांबांचं (क्रोशाचा साधा, ठेंगणा टाका) वर्तुळ, मग बारा, अठरा, चोवीस, अशी दर फेरीला सहाची वाढ, आणि उतरताना तशीच घट. बहुतेक नमुन्यांत फेरी जोडत नाहीत, गोल फिरत वर वर जातात. त्यामुळे फेरीच्या पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवली नाही तर आपण कुठे आहोत ते ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. इंग्रजी नमुना वापरत असाल तर तो अमेरिकी की ब्रिटिश ते आधी बघा. अमेरिकी सिंगल क्रोशे म्हणजे ब्रिटिश डबल क्रोशे, म्हणजेच आपला मुका खांब. हा घोळ झाला की टाके उंच आणि विरळ येतात, उंदराचा जिराफ होतो आणि फटींतून भरण बाहेर डोकावतं.

सुई मुद्दाम लहान घ्यायची. चार पदरी दोऱ्याला अडीचची घेतली की वीण घट्ट येते. हातात मात्र कळ येते, हे आधीच सांगून ठेवते. भरायला उशीतला कापूस वापरू नका. धुतला की त्याचे गोळे होतात, आणि कोकणात गणपतीच्या दिवसांत त्याला कुबट वास येतो. पॉलिस्टर फायबर घ्या. डोळे प्लास्टिकचे, मागून चकती दाबून बसवायचे मिळतात, पण तीन वर्षांखालच्या मुलासाठी दोऱ्याचेच भरा. पंधरा सेंटीमीटरच्या खेळण्याला मला पन्नासेक ग्रॅम दोरा आणि बारा तास लागतात. त्यातले शेवटचे तीन तास शिवण्याचे: हात, पाय, कान, शेपूट. बरीचशी खेळणी याच टप्प्यावर अडतात. माझ्या टोपलीत एक मूषक दोन वर्षं बिनकानाचा पडून आहे.

मग खेळणं कधी करावं? बाहुलीच्या वयाला न आलेलं मूल असेल तेव्हा. पाच-सहा वर्षांखालच्या मुलांना कपड्यांची काढ-घाल जमत नाही, मऊ उंदीर मात्र उशाला घेऊन झोपता येतं. आणि सणाचं खेळणं म्हणजे सणाचा देवच असला पाहिजे असं नाही. गणपती विणून मुलाच्या हाती दिला की आजी "पायाशी येईल" म्हणून काळजीत पडते. मूषक करा, किंवा मोदक. मोदक तर शंकूच आहे, पाऊण तासात होतो. आधीच्या फेरीच्या खांबामागून सुई घालून उभे खांब विणले की कळ्या अगदी उकडीच्या मोदकासारख्या उठतात. माझ्या मते खेळण्यांत हाच एक प्रकार असा आहे, जो कपड्यांपेक्षा सोपा आणि सणाला साजेसाही.

नाताळच्या लालबद्दल एक गाऱ्हाणं. मागे मी लाल सुती दोऱ्याचा झगा करून त्याला पांढरी झालर लावली. पहिल्या धुण्यात झालर गुलाबी. दुकानदाराने "पक्का रंग" म्हणून दिला होता. तेव्हापासून लाल असेल तर आधी वीतभर तुकडा विणून पांढऱ्या फडक्यासोबत भिजवते. लाल-पांढऱ्याला अॅक्रिलिक बरं, सहसा रंग सोडत नाही, म्हणून सांता विणायचाच असेल तर तो अॅक्रिलिकचा. टोपीला फरची लोकर लावायचा मोह होईल, पण तिच्यात टाका दिसत नाही, बोटाने चाचपत विणावं लागतं. शेवटची एकच फेरी तिने करा.

विकण्याचा विचार असेल तर खेळण्यांबाबत एक गोष्ट ठाऊक असू द्या. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी झालेल्या कारागिरांच्या हस्तकलेला त्यातून सूट आहे. तेव्हा ऑर्डरी घेण्याआधी नोंदणीचं बघा. आणि बारा तासांच्या उंदराला "एवढ्याशाला इतके?" हे ऐकायची तयारी ठेवा. झग्याचा भाव त्यामानाने कमी टोचतो.

वसईच्या माझ्या मैत्रिणीने हे सगळं ऐकून घेतलं आणि तरीही नाताळचा अख्खा गोठा विणायला घेतला: मारिया, जोसेफ, बाळ येशू, मेंढपाळ, तीन राजे, बैल, गाढव. गणपतीत सुरुवात केली होती. नाताळच्या आदल्या रात्री तिचा फोन आला, गाढवाच्या जागी मेंढी चालेल का विचारायला.