लोंगजिंग: गूयूपूर्वीची खुडणी आणि काचेचा साधा पेला

लोंगजिंग हा चीनमधील सर्वांत प्रसिद्ध हिरवा चहा आहे, आणि बहुधा त्यामुळेच तो नीट पारखून विकत घेणे अवघड झाले आहे. झेजियांग प्रांतातील हांगझोऊ शहराला लागून असलेल्या शीहू सरोवराच्या पश्चिमेकडील टेकड्यांमध्ये तो मुळात पिकतो. परंतु तशीच चपटी, हिरवी पत्ती आता चीनच्या इतर प्रांतांतही तयार होते आणि बाजारात त्याच नावाने बेधडक विकली जाते. येथे परीक्षण केलेले दोन्ही पुडे शीहू क्षेत्रातील मेइजियावू या गावचे, एकाच हंगामातील आणि ‘लोंगजिंग 43’ या एकाच जातीच्या झुडपांचे आहेत. फरक केवळ खुडणीच्या वेळेचा आहे. एक पुडा एप्रिलच्या सुरुवातीला येणाऱ्या छिंगमिंग या दिवसाच्या आधीचा, म्हणजे मिंगछियेन, तर दुसरा छिंगमिंगनंतरचा पण 20 एप्रिलच्या सुमारास येणाऱ्या गूयूच्या आधीचा, म्हणजे यूछियेन. दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी होती, आणि रोज पिण्यासाठी घ्यायचा असेल तर माझी पसंती निःसंशय त्यालाच आहे.

चिनी सौर पंचांगातील छिंगमिंग 4 किंवा 5 एप्रिलला येते आणि त्या दिवशी कुटुंबे पूर्वजांच्या समाध्या स्वच्छ करायला जातात. गूयू हा टप्पा साधारण 20 एप्रिलला येतो. वसंतातील पहिल्या कोंबांना इतके मोल मिळण्यामागे केवळ हौस नाही. चहाच्या झुडपाच्या मुळांत थियानीन नावाचे अमिनो आम्ल तयार होते आणि थंडीत साठलेल्या पोषणासह ते वसंतात कोवळ्या कोंबांकडे चढते. चहाचा गोडसर, तोंडात भरून राहणारा रसदारपणा मुख्यतः त्याचा असतो. ऊन वाढू लागले की पानांतील थियानीन घटत जाते आणि तुरटपणा देणारी कॅटेचिन द्रव्ये वाढतात. त्यामुळे मिंगछियेन चहा मुलायम लागतो, यात शंका नाही. मात्र त्याची किंमत चढण्यात भेटवस्तू देण्याच्या प्रथेचा आणि ‘सर्वांत आधीचा’ म्हणून मिरवण्याचाही वाटा मोठा आहे. ‘लोंगजिंग 43’ ही हांगझोऊ येथील चहा संशोधन संस्थेने निवडलेली जात जुन्या, बियांपासून वाढलेल्या मिश्र झुडपांपेक्षा लवकर फुटते, आणि ती इतकी पसरण्याचे एक कारण हेच आहे. जुन्या झुडपांचा चहा उशिरा येतो, त्याची पत्ती कमी एकसारखी दिसते, पण जाणकार अनेकदा त्याच्याच चवीला अधिक खोल मानतात.

पत्ती हातात घेतली की प्रथम लक्षात येतो तो तिचा चपटेपणा. दोन्ही टोकांना निमुळती, तलवारीच्या पात्यासारखी सपाट आणि गुळगुळीत अशी ही पत्ती साच्यात दाबलेली नसते; तापलेल्या कढईत उघड्या तळहाताने दाबून ती तशी केली जाते. खुडलेली पाने काही तास पातळ पसरून त्यांतील थोडे पाणी उडू दिले जाते. त्यानंतरच्या पहिल्या भाजणीत उष्णतेने पानांतील विकरे (एन्झाइम) निष्क्रिय होतात, म्हणजे पान काळे पडून काळ्या चहाच्या वाटेने जाण्याची प्रक्रिया तिथेच थांबते. जपानी हिरव्या चहात हेच काम बहुधा वाफेने होते, आणि दोन्हींच्या चवींत इतके अंतर असण्याचे कारण बरेचसे यातच आहे. पहिल्या भाजणीनंतर पत्ती बाजूला काढून निवू देतात, जेणेकरून देठातला ओलावा पानभर समान पसरेल. मग दुसऱ्या भाजणीत तिला अंतिम आकार, चकाकी आणि कोरडेपणा दिला जातो. कारागिरांच्या परंपरेत या कामासाठी दहा हस्तक्रिया सांगितल्या जातात. पकडणे, झटकणे, दाबणे, घासणे अशा त्या क्रियांपैकी केव्हा कोणती वापरायची, हे कढईची धग आणि पानाचा ओलावा पाहून हातच ठरवतो. एक किलो तयार चहासाठी चार ते पाच किलो ताजी पाने लागतात. आज बराचसा लोंगजिंग यंत्रावर भाजला जातो, आणि चांगल्या यंत्राचा चहा वाईट असतो असे म्हणणे अन्यायाचे होईल; परंतु हाताने केलेल्या शेवटच्या भाजणीचा सुगंध अधिक भरीव असतो, हा माझा अनुभव आहे. चीनमधील पारंपरिक चहानिर्मितीचा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत 2022 मध्ये समावेश झाला, त्यात शीहू लोंगजिंगची ही हस्तकलाही आहे.

रंगाविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पत्ती जितकी हिरवीगार तितकी उत्तम, असे ग्राहक धरून चालतात. वास्तविक शिफंग टेकडीवरच्या नामांकित चहाची ओळख म्हणून पॉलिश न केलेल्या तांदळासारखी पिवळसर छटा सांगितली जाते. माझ्याकडचे दोन्ही पुडे ‘43’ जातीचे असल्यामुळे तुलनेने हिरवे आहेत, तरी यूछियेनच्या पत्तीत ती पिवळसर झाक किंचित अधिक आहे. पुडा उघडताच येणारा वास मात्र दोन्हींचा सारखाच मोहक आहे, आणि महाराष्ट्रातल्या वाचकाला तो निखाऱ्यावरच्या ताज्या हुरड्याची आठवण करून देईल.

चहा करण्याची रीत सोपी आहे, पण आपल्याकडच्या सवयीच्या अगदी विरुद्ध. दूध, साखर, आले आणि उकळी या चारही गोष्टी येथे वर्ज्य आहेत, आणि त्यांपैकी सर्वांत घातक उकळी आहे. कमी तापमानाच्या पाण्यातही थियानीन सहज उतरते, परंतु कॅटेचिन द्रव्ये पाणी जितके गरम तितकी झपाट्याने उतरतात. म्हणून उकळत्या पाण्यात हा महागडा चहा कडू आणि तुरट होतो व त्याचा सुगंधही शिजल्यासारखा बोथट लागतो. पाणी 80 ते 85 अंश सेल्सिअस असावे. तापमापी नसेल तर उकळलेले पाणी रुंद, उघड्या भांड्यात ओतून चार-पाच मिनिटे थांबावे. पाण्याची जातही महत्त्वाची आहे. हांगझोऊमध्ये लोंगजिंगसाठी हूपाओ झऱ्याचे पाणी आदर्श मानले जाते, आणि ते खनिजांनी अत्यंत हलके आहे. बोअरवेलच्या जड पाण्यात अर्क मळकट होतो, त्यावर तवंग धरतो आणि सुगंध दबतो; पिण्याच्या पाण्यात क्षार अधिक असतील तर गाळलेले हलके पाणी वापरणेच श्रेयस्कर.

भांडे म्हणून 200 मिलिलिटरचा उभा, साधा काचेचा पेला पुरेसा आहे, आणि हांगझोऊच्या चहाघरांतही लोंगजिंग बहुधा त्यातच मिळतो. पेला गरम पाण्याने विसळून त्यात तीन ग्रॅम, म्हणजे एक मोठा चमचाभर पत्ती घालावी. प्रथम पत्ती भिजेल इतकेच पाणी ओतून पेला हलक्या हाताने फिरवावा, सुगंध घ्यावा, आणि अर्ध्या मिनिटाने उरलेले पाणी उंचावरून बारीक धारेने सोडावे. पत्ती आधी वर तरंगते, पाणी पीत पीत फुगते आणि एक एक करून उभी खाली उतरते. दोन मिनिटांनी प्यायला सुरुवात करावी, आणि पेल्यात एक तृतीयांश अर्क उरला की त्यावरच पुन्हा पाणी भरावे. पेला पूर्ण रिकामा केल्यास पुढचा घोट फिका होतो, म्हणून तळाशी थोडा अर्क राखण्याची ही पद्धत आहे. अशा तऱ्हेने तीन भरण्या सुखाने मिळतात. झाकणाच्या पेल्यात, ज्याला चीनमध्ये गायवान म्हणतात, तेवढीच पत्ती 120 मिलिलिटर पाण्यात अर्ध्या-पाऊण मिनिटात करून गाळून घेतली तर चव अधिक एकवटलेली लागते. चव तपासण्यासाठी ते योग्य, पण रोजच्यासाठी मला ती खटपट अनावश्यक वाटते.

आता चवीकडे. मिंगछियेनचा अर्क जवळजवळ रंगहीन, फिकट पिवळसर. पहिला घोट इतका मऊ की कडक चहाची सवय असलेल्याला नुसते कोमट पाणी प्याल्याचा भास व्हावा. गोडी मागाहून, घोट गिळल्यानंतर घशात जाणवते. दुसऱ्या भरणीत तो सर्वांत सुंदर लागतो आणि तिसऱ्या भरणीत मात्र एकदम दम सोडतो. यूछियेन पहिल्याच घोटात स्वतःची ओळख देतो: भाजलेला, किंचित शेंगदाण्याकडे झुकणारा स्वाद, मागे बारीक तुरटपणाची रेघ, आणि तिसऱ्या भरणीपर्यंत टिकणारा भक्कमपणा. नाजूकपणात मिंगछियेन वरचढ आहे, हे मान्य. परंतु ज्या जिभेला शतकभराच्या सवयीने चहाकडून काही ठोस अपेक्षित असते, तिला यूछियेनमध्ये अधिक समाधान मिळेल. सकाळच्या चहाची जागा यांपैकी कोणीही घेणार नाही. दुपारी जेवणानंतर तासाभराने, पोट रिकामे नसताना, तो सर्वांत छान लागतो.

खरेदी करताना उगमस्थान स्पष्ट लिहिलेले असल्याची खात्री करावी. लोंगजिंग या संरक्षित नावाखाली झेजियांगमधील तीन क्षेत्रे येतात: शीहू, छियेनथांग आणि युएझोऊ. ‘शीहू लोंगजिंग’ हे नाव केवळ सुमारे 168 चौरस किलोमीटरच्या क्षेत्रातील चहालाच लावता येते आणि त्याच्या अस्सल पुड्यावर पडताळणीची अधिकृत चिकटपट्टी असते. छियेनथांग आणि युएझोऊ येथील प्रामाणिकपणे विकलेला चहा मुळीच कमी प्रतीचा नाही. कमी पैशांत शिकायचे असेल तर सुरुवात तिथूनच करावी. चीनच्या इतर प्रांतांतील चपट्या पत्तीवर शीहूचे नाव छापून लावलेल्या भावापासून तेवढे सावध राहावे. अठराव्या शतकातील चिनी सम्राट छियेनलोंगने शिफंगच्या पायथ्याशी गौरवलेल्या अठरा झुडपांची कथा बहुतेक विक्रेते सांगतात. ती झुडपे आजही कुंपणात जपलेली आहेत, पण विकल्या जाणाऱ्या चहाशी त्यांचा काहीही संबंध नसतो.

साठवणीत हा चहा हळवा आहे. हांगझोऊत ताजा चहा कळीच्या चुन्यासह बंद रांजणात ठेवून त्याचा ओलावा आणि भाजणीचा उग्रपणा उतरवण्याची जुनी पद्धत आहे. आपल्या घरी, विशेषतः कोकण, गोवा आणि मुंबईच्या पावसाळी हवेत, पुडा हवाबंद पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवावा आणि बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये. अन्यथा थंड पत्तीवर बाष्प धरते. एका वेळी 50 ग्रॅमहून अधिक घेऊ नये. यूछियेन एप्रिलच्या अखेरीस बाजारात येतो, तेव्हा मागणी मे महिन्यात नोंदवावी आणि पुड्यावर खुडणीचे वर्ष छापलेले नसेल तर तो परत करावा.